चांगुणामावशीचा गुलाब आणि माझी चौथी ओळ

अन्याय झाला तो चांगुणामावशीवर. कुठे आणि केव्हा, तेही लिहून ठेवते, कारण दिवस-वेळ लिहिली नाही की लोक अन्यायाला नशीब म्हणून मोकळे होतात. मी नववीत होते. संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार, सकाळचे साडेदहा, मोहोपाड्यातल्या आमच्या स्टाफ कॉलनीचं फाटक. बाग कमिटीच्या सेक्रेटरीने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. कारण म्हणून त्याने तिच्या हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवलं. कार्डावर चार ओळी होत्या. त्या मी लिहिल्या होत्या.

मी आज एकतीस वर्षांची आहे. आमच्या गटातली मुलं चिडवतात, "ताई, आत्मचरित्र म्हातारपणी लिहितात, तू आत्ताच काय रिटायर होतेस?" चिडवू देत. गेली दहा वर्षं मी पत्रकं लिहिते. कंत्राटी कामगारांसाठी, पाणी न पोचलेल्या वाड्यांसाठी, नदीत सोडलेल्या काळ्या पाण्याविरुद्ध. चौकातल्या झेरॉक्सवाल्याला माझं अक्षर पाठ झालंय. प्रत्येक पत्रकाच्या पहिल्या ओळीत मी नाव घेते, कोणावर अन्याय झाला आणि कोणी केला. पण ज्या पत्रकाबद्दल मी कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही ते माझं पहिलंच. म्हातारी होईपर्यंत थांबले तर त्या गोष्टीला मी साखर लावीन, म्हणून आत्ताच लिहिते.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर, आठ घरांच्या रांगेतलं तिसरं. दोन खोल्या, मोरी, आणि पुढे बागेच्या नावाने चार फूट रुंदीची पट्टी, एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला गटार. घर भोंग्यावर चालायचं. सातचा, तीनचा, अकराचा. बाबा कारखान्यात ऑपरेटर, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि ती बदलली की कुकरच्या शिट्टीपासून माझ्या वेणीफणीपर्यंत सगळं घर पुढेमागे सरकायचं. वारा फिरला की सडक्या लसणासारखा वास यायचा आणि आई धावत जाऊन दोरीवरचे कपडे ओढायची. त्या वासावर आमच्याकडे एकच औषध होतं, सुकटाची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची, चटणी. तव्यावर सुकट पडलं, वर लसूण-मिरची पडली, की कारखाना हरायचा. गंमत म्हणजे आई घाटावरची, जुन्नरकडची. लग्न होईपर्यंत तिने सुकटाला हात लावला नव्हता. बाबा खालापूरकडच्या भाताच्या गावातले. ते तिला शिकवायचे, "तीन पाण्यानं धू, नायतर कचकच येतंय," आणि ती नाकाला पदर लावून धुवायची. आजही ती चटणी माझ्यापेक्षा चांगली करते, आणि आजही पदर नाकाला असतो.

आईला गुलाबाचं वेड. माहेरी प्यायच्या पाण्याचेच हाल, फुलझाडाला कोण पाणी घालणार? रोज नळ येणाऱ्या घरात आली आणि तिने बाबांकडे पहिली मागणी गुलाबाची केली. दर थंडीत कर्जतकडून एक नर्सरीवाला टेंपो घेऊन यायचा. आई त्याच्याकडून मुठीएवढं लाल फूल आधीच उमललेलं रोप घ्यायची. ते एक फूल आम्ही आठवडाभर आळीपाळीने बघायचो. मग जून यायचा, चार महिने पट्टीत पाणी साचायचं, पानांवर काळे ठिपके पडायचे, मग पानंच पडायची. आणि एका वर्षी बुंध्यातून एक लांबलचक हिरवीगार फांदी उसळली. आईला कोण आनंद! "बघ मने, जगला!" त्या फांदीला तिने दोन वर्षं पाणी घातलं, काठी लावली, दृष्ट काढायचीच काय ती राहिली. फूल एक नाही.

चांगुणामावशी कॉलनीत नवीन कामाला लागली आणि तिने ती फांदी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती गटाराच्या कठड्यावर बसून पोट धरून हसली.

"वैनी, ह्ये कलम हाय. वरचा पाव्हना कवाच मेला. ह्यो खालचा घरमालक उठलाय, जंगली. तुमी दोन वर्सं त्याला जेवू घालताय."

"मग फुलं कधी येतील?" आई बिचारी.

"घरमालक फुलं देतो व्हय कुनाला?"

चांगुणामावशी ठाकर आदिवासी. चौक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. उतरून चौकपर्यंत पायी, तिथून टमटमने मोहोपाडा. आमच्या रांगेतल्या आठही बागा ती बघायची, आठवड्यातले तीन दिवस, कमिटीच्या हजेरीवर. हे तीन दिवस हेच तिचं बारमाही काम. बाकी लावणी-कापणीच्या दिवसांत मिळेल ते. नवरा झाडावरून पडून कमरेत अधू झालेला. उन्हाळ्यात ती करवंदं आणायची, पावसात रानभाज्या, आणि आईला त्या कशा करायच्या ते ओट्यापाशी न येता दारातूनच सांगायची. चहा पायरीवर बसून प्यायची. तिचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. हे आई वाचणार आहे. वाच, आई. तुझ्यावर माझा जीव आहे, आणि तो कप वेगळा होता.

त्याच वर्षी आषाढात ती ओल्या फडक्यात बांधून काड्या घेऊन आली. चौकात हायवेवर एक मुसलमान चाची हॉटेल चालवायच्या, त्यांच्या मोरीमागे एक झुडूप होतं, गुडघ्याएवढं, कोणी न लावलेलं. भांड्यांचं पाणी पिऊन वाढलेलं, शेजारच्या गॅरेजचं काळं तेल सोसलेलं, आणि तरी बारा महिने गुलाबी. "चाचीला इचारून आनलंय," मावशी म्हणाली. "चाची म्हनली, ने, पन कुटं लावलंस ते येऊन सांग." पट्टी तिने हातभर खणली. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर माती आणि तिच्या शेतातली राख. भाताची रोपं टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात ना, त्या राबाची राख. वर वीतभर उंच वरंबा. काडी तिरपी कापून तिरपीच खोचली, आणि वरच्या कापलेल्या तोंडाला शेणाची गोळी, हरभऱ्याएवढी. "गुलाबाला तहान चालती," ती म्हणाली, "पाय भिजलेलं नाय चालत." आईने विचारलं, खत काय घालू? मावशीने मोरीकडे बोट केलं. "त्ये सुकटाचं पानी फेकता ना, त्ये द्या. पंधरा दिवसांनी. रोज नको, मांजरं येतील."

दसरा झाल्यावर पहिला बहर आला. नखाएवढ्या कळ्या, एका देठाला सात-आठ. पहिल्या दिवशी गडद, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी जवळजवळ पांढऱ्या. एकाच गुच्छात तिन्ही रंग. झाड गुडघ्याच्या वर जायचं नाव घेईना, त्यामुळे खिडकीचा उजेड अडायचा नाही आणि कपडे काट्यात अडकायचे नाहीत. बाबा पहिल्या पाळीहून आले की चपला काढायच्या आधी तिथे उभे राहायचे. "काय गं, आज किती?" मी मोजून सांगायचे. ते म्हणायचे, "काल चार जास्ती व्हती." माझ्या बाबांनी मला प्रेमाने कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण फुलांची ती रोजची चौकशी मात्र अजून कानात आहे.

पुढच्या पावसाळ्यात मावशीने त्याच झुडपाच्या काड्या जुन्या डब्यांत लावल्या, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी वाण म्हणून गुलाबाची रोपं लुटली. सगळ्या रांगेच्या दारात तोच गुलाब झाला. वर्षभरात आठही पट्ट्या गुलाबी. म्हणजे ज्या आठ झाडांनी मावशीला घरी बसवलं ती तिनेच वाढवलेली होती. अशी मेख मी पत्रकात घालते तेव्हा लोक म्हणतात, ताई रंगवून सांगतेय.

तर पुढच्या संक्रांतीनंतरचा रविवार. कॉलनीत छोट्या बागांची स्पर्धा. प्रत्येक बागेसमोर माहितीचं कार्ड हवं, असा नियम. माझं अक्षर चांगलं, त्यातून शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस नुकतंच मिळालेलं. डोक्यात हवा गेलेली. मी स्केचपेनने लिहिलं:

ठेंगणा, गुलाबी, बारमाही.
चार फुटांच्या बागेत मावतो.
आठवड्यातून दोन मग पाणी पुरे.
माळ्याची गरज नाही.

पहिल्या तीन ओळी खऱ्या आहेत. चौथी मी का लिहिली? वाचताना तीन ओळींवर कार्ड अर्धवटच राहतंय असं वाटलं म्हणून. शेवट ठसठशीत हवा म्हणून. मावशी माझ्या मनात आलीसुद्धा नाही. अडीच वर्षं तिला बघत होते, आणि ती आली की काय करते हे कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, काही नाही. वाकते, दोन-तीन पानं उलटी करून बघते, सुकलेला गुच्छ चिमटीने मोडते, मातीत बोट घालते, आणि पुष्कळदा पाणी न घालताच पुढच्या घराकडे जाते. याला काम म्हणतात हे मला कळायचं होतं.

आईला बक्षिसाचा कप मिळाला. सेक्रेटरीने माझ्या ओळी लाउडस्पीकरवर वाचल्या आणि चौथीला टाळ्या पडल्या. मी खूप खूश होते. ते लपवणार नाही.

मंगळवारी साडेदहाला मी शाळेचा डबा भरत होते, शाळा दुपारची. मावशी दारात आली. नेहमीसारखी पायरीवर बसली नाही. हातात कार्ड.

"मने, ह्यावर काय लिवलंय गं? सेक्रेटरी म्हनतो, तुमच्या मनीनंच लिवलंय, वाचून घे."

मी कार्ड घेतलं. वाचलं. ठेंगणा, गुलाबी, बारमाही. चार फुटांच्या बागेत मावतो. आठवड्यातून दोन मग पाणी पुरे.

आणि थांबले.

"बस? येवडंच?"

"एवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं. कार्ड परत घेतलं, घडी न घालता पिशवीत ठेवलं, आणि म्हणाली, "ब्येस अक्षर हाय." मग फाटकातून बाहेर गेली. खिडकीतला कप तसाच पालथा.

घरी काय झालं ते आता हसत सांगता येतं. बाबा म्हणाले, "त्यात काय एवडं? साठ हजार लिटरची टाकी सांभाळतो मी, चार फुटांची बाग नाय सांभाळता येनार?" आणि त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला लॉगशीट चिकटवली. हुबेहूब कारखान्यातली. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. पाणी, वेळ, सही. कार्डावरचे आठवड्याचे दोन मग त्यांना फार कमी वाटले. "कार्ड तू लिवलंस, तुला काय कळतंय?" म्हणाले, आणि दर पाळीला दोन मग ठरले. भोंगा झाला की पाणी. पहिलीला बाबा, ते कामावर असले तर आई; दुसरीला आईच; तिसऱ्या पाळीला उठणार कोण, म्हणून तिचं पाणीही पहिलीतच. वर बाबांनी वरंबा 'वेडावाकडा' दिसतो म्हणून सपाट केला आणि कडेच्या विटांना गेरू-चुना फासला, साहेबांची व्हिजिट असल्यासारखा. भोंग्यावर जगणाऱ्या माणसांनीच करावी अशी ही चूक. शेजारचे बघायला आले, त्यांना पद्धत पटली, आणि आठवडाभरात आणखी चार घरांत लॉगशीटा लागल्या.

सह्या सगळ्या झाल्या. एकही पाळी चुकली नाही. होळीच्या सुमाराला खालची पानं पिवळी पडली, मग वरची, मग कळ्या उमलायच्या आधीच माना टाकायला लागल्या. बाबा पाळीहून आल्यावर "आज किती" विचारेनासे झाले. एका दुपारी आईने मातीत बोट घातलं, मावशीसारखं. बाहेर काढलं तर चिखल. ती बराच वेळ ते बोट बघत बसली. मग बक्षिसाचा कप कपाटातून काढून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चल मने."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

चौकातून वाडी दीड तास. आई घाटावरची म्हणून चढाला दमणार नाही असं मला वाटलं होतं. तीन वेळा बसली. मावशीचं घर कुडाचं, सारवलेलं, आणि अंगणाच्या कडेने पत्र्याच्या डब्यांतून तोच गुलाब, ओळीने, भर उन्हात ठणठणीत. नवरा ओसरीवर टोपली विणत होता. मावशी आम्हाला बघून उठली नाही.

"या वैनी. मेली का?"

"पाच मेली," आई म्हणाली. "आमचं धरून." आणि तो कप तिने मावशीसमोर जमिनीवर ठेवला. "हा तुमचा. मी चुकून घेतला."

मावशीने कप उलटा करून बुड बघितलं, आत बघितलं. "ह्यात काय लावता येत नाय. भोक नाय खाली." नवरा फसकन हसला. मग आईही हसली, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. मावशीने कोरा चहा केला. सगळ्यांना सारखेच पेले. आईने तिच्या हातचा पेला घेतला, फुंकर मारली, प्यायली. मी बघत होते. मावशीही बघत होती.

"चांगुणाबाई, चला ना परत," आई म्हणाली. "कमिटीला मी बघून घेते."

"कमिटीनं कशावरनं काडलं?" मावशीने आत जाऊन ते कार्ड आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच गं पोरी. समदं."

मी तीन ओळी वाचल्या. चौथीवर अंगठा ठेवला.

"वाच की. त्या दिशी बी तीनच वाचल्यास. मला अक्षर येत नाय, वळी मोजता येतात. चार हायेत."

मी चौथी ओळ वाचली. भर अंगणात, तिच्या नवऱ्यासमोर, माझ्या आईसमोर. माळ्याची गरज नाही. त्यानंतर मी किती मोर्चांत, किती माइकवर बोलले, पण तीन शब्द उच्चारायला इतका वेळ कधी लागला नाही.

मावशी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "खोटं हाय ना? मग खरं लिव. ह्याला रोज बगावं लागतंय, पानी नाय लागत, बगावं लागतंय, आन बगनारीचं नाव चांगुणा हाय. येवडं लिवलंस का मी येतो."

ते माझं दुसरं पत्रक. आठ प्रती, हाताने. मी रांगेतल्या प्रत्येक दारावर त्या स्वतः चिकटवल्या. बाबांनी खळ करून दिली आणि आमच्या दारावरची लॉगशीट स्वतःच्या हाताने फाडली. "फॉर्मॅट चांगला व्हता," एवढंच म्हणाले. कमिटीने शब्द मागे घेतला नाही. सेक्रेटरीने ते पत्रक दोनदा वाचलं आणि कॉलनीच्या भिंती घाण करू नका म्हणून मलाच सुनावलं. पण आई घरोघर गेली, आणि आठांपैकी सहा घरांनी मावशीला स्वतःच्या पैशांनी बोलावलं. उरलेल्या दोन घरांपुढे बागेच्या जागी आज फरशी आहे. मावशी डब्यांतली रोपं घेऊन आली, वरंबे पुन्हा उंच केले, गेरूच्या विटा उपटून तळाला घातल्या. चहा तिने ओट्यापाशी उभं राहून घेतला. आमच्या कपांतल्या कुठल्याही एका कपात.

तिचे गुडघे आता चढ-उतार सोसत नाहीत, कॉलनीत तिच्या जागी सून जाते. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. चौकात भाड्याच्या घरासमोर दोन हात जागा आहे आणि तिथे तो गुलाब आहे. बाबा अजून मोजतात. कर्जत रस्त्याच्या नर्सऱ्यांत आणि फार्महाऊसच्या फाटकांत मला तसलाच ठेंगणा गुलाबी गुलाब दिसतो, आणि बाजूला रंगीत पाटी: देखभाल नको. मी गाडी थांबवते. भांडते. विचारते, काड्या कोणी लावल्या? बहुतेकदा मालकाला माहीत नसतं, आणि ती बाई तिथेच, दहा पावलांवर, वाकून पानं उलटी करत असते.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या गॅलरीत, तुमच्या सोसायटीच्या दारात, काही न करता फुलणारं एखादं झाड असेलच. त्याच्याकडे बघणारं कोण आहे, ते आज शोधा. त्या माणसाचं नाव माहीत नसेल तर जाऊन विचारा. मग पाटी लिहा, त्यावर ते नाव घाला, आणि पाटी त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. सगळी वाचा. शेवटच्या ओळीसकट.